धागा: ६२ घनफूट साग विकत घेतला, घरी ३३ आला. बाकीचा गेला कुठे?

रंधावाला
मंडळी, नागपुरात माझं छोटं फर्निचरचं वर्कशॉप आहे. आजवर व्यापाऱ्याकडून कापलेला माल घ्यायचो. यंदा पहिल्यांदाच हिंमत करून लिलावात चार नग गोल साग (न कापलेले ओंडके) घेतला. चंद्रपूरकडचा माल, कागदावर ६२ घनफूट. ट्रक करून आरागिरणीत नेला, दिवसभर तिथेच स्टूल टाकून बसलो. संध्याकाळी मोजदाद केली तर चांगला, वापरता येईल असा माल ३३ घनफूट भरला. एका नगाला आतून मुठीएवढी पोकळी निघाली, ती धरून.

बायको म्हणते, "गिरणीवाल्याने मारला." मला तसं वाटत नाही, कारण मी समोरच होतो. ढीगभर भुसा आणि कडेच्या सालासकट फळ्या मात्र डोळ्यांनी पाहिल्या. जंगलात झाड पडतं तिथपासून माझ्या रंध्यापर्यंत नक्की किती लाकूड वाया जातं आणि ते कुठे वाचवता येतं, कुणाला माहीत आहे का?

त्रैराशिक
गिरणीवाल्याला शिव्या देण्याआधी मोजमाप समजून घ्या. वनखात्याच्या लाकूड डेपोत गोल नग मोजताना मधल्या परिघाचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. अठराव्या शतकातल्या हॉपस नावाच्या इंग्रज सर्वेक्षकाची ही रीत, आजही सुटलेली नाही. गंमत अशी की या सूत्राने खऱ्या घनफळाच्या फक्त ७८.५ टक्केच येतं (π, म्हणजे ३.१४, भागिले चार). उरलेले साडेएकवीस टक्के कापताना जाणारच, असं धरून आधीच सोडलेले असतात.

उदाहरणार्थ, मधला परिघ १२० सेंमी आणि लांबी ३ मीटर. डेपोच्या हिशोबाने ०.२७ घनमीटर, म्हणजे साडेनऊ घनफूट. खरं घनफळ ०.३४ घनमीटर.

म्हणजे तुमचे ६२ घनफूट प्रत्यक्षात सुमारे ७९ होते! कागदावर तुम्हाला ५३ टक्के उतारा मिळाला, पण खऱ्या लाकडाच्या हिशोबाने ४२ टक्के. बातमी वाईट आहे, माफ करा.

रंधावाला
हे वाचून चहा कडू झाला.

झाडीपट्टी
४२ टक्के? पोकळ नग धरून? भाऊ, लय वाईट नाही. मी गिरणीत बारा वर्सं काढली. वाकडा नग आला की ३५ वर बी आलेला पाहिला. एक विचारतो, पातं कोणतं होतं? गोल चकतीचं का पट्ट्याचं?

रंधावाला
गोल चकती. मोठी.

झाडीपट्टी
मंग तिथंच गेलं तुमचं. चकतीचं पातं जाड, त्यात दात बाहेर वाकवलेले. एका कापाला सहा मिलिमीटरचा भुसा. एक इंची फळ्या काढल्या तर २५ मिलिमीटरची फळी अन् ६ चा भुसा. पट्ट्याच्या करवतीला अडीच-तीन मिलिमीटर लागते. फरक पाहून घ्या.

त्रैराशिक
पाहिला. चकतीवर ३१ मध्ये ६, म्हणजे १९ टक्के भुसा. पट्ट्यावर २७.५ मध्ये २.५, म्हणजे ९ टक्के. झाडीपट्टींचं म्हणणं कागदावरही खरं ठरतंय.

झाडीपट्टी
पण पट्ट्याला धार लावणारा माणूस पायजे. नाही तर पट्टा नागमोडी चालते, फळी एकीकडं जाड अन् एकीकडं बारीक. मंग ते सरळ करायला तुमचा रंधा तीन मिलिमीटर खाते. वाचवलेलं तिथं गेलं. आमच्याकडं धारवाला बिहारला गेला की महिनाभर सगळ्या फळ्या लाटेवाणी निघायच्या.

जुना_वनपाल
मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. सुरुवातीची बरीच वर्षं आल्लापल्ली भागात काढली, नंतर बल्लारशाच्या बाजूला. रंधावाला साहेब, तुम्ही गिरणीपासून मोजायला सुरुवात केलीत. नासाडी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

मी नोकरीला लागलो तेव्हा जुनी माणसं कुऱ्हाडीनेच साग पाडायची. कुऱ्हाडीने बुंध्याला तोंड करायचं म्हणजे ढलप्यांचा ढीग, आणि त्या ढलप्या कुठल्या? झाडाच्या सगळ्यात जाड आणि पक्क्या भागातल्या. नंतर दोघांनी ओढायची करवत आली. तोंड कुऱ्हाडीने आणि मागचा काप करवतीने, एवढ्यानेच बराच माल वाचायला लागला. हुकूम असायचा की खुंट जमिनीलगत ठेवायचा, वीतभराहून उंच नाही. एक तर बुंध्याचं लाकूड वाचतं. दुसरं म्हणजे जमिनीलगत कापलेल्या सागाला खुंटफुटवे जोमदार येतात. उंच खुंटावरचा फुटवा वाऱ्याने फाटतो.

पण वाकून कापायला मजुराची कंबर लागते. सकाळी खुंट वीतभर असायचे, दुपारी तीननंतर गुडघ्याएवढे. मी मोजून पाहिलंय. माणूस दोषी नव्हता, ऊन दोषी होतं. आणि मजुरी नगावर मिळायची, खुंटाच्या उंचीवर नाही.

त्रैराशिक
परिघ १५० सेंमी धरला तर खुंट एक फूट उंच ठेवल्याने जवळपास १.९ घनफूट जातं. तेही बुंध्याचं. सागाच्या आजच्या भावाने रंधावाल्यांनी स्वतःच गुणाकार करावा, माझी हिंमत नाही.

मेधा_पुणे
वाचतेय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

लिब्रव्हिलचा_बाळू
वनपाल साहेबांच्या खुंटावरून आमच्याकडचं आठवलं. मी मूळ सांगलीचा, गेली सहा वर्षं गॅबनमध्ये प्लायवुड आणि व्हिनियरच्या (ओंडका सोलून काढलेले लाकडाचे पातळ थर) कारखान्यात आहे. लिब्रव्हिलपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर न्कोक म्हणून औद्योगिक क्षेत्र आहे, तिथे भारतीय बरेच. थोडी पार्श्वभूमी सांगतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. तिथल्या लाकडावर चालणाऱ्या आपल्याकडच्या व्हिनियरवाल्यांना नवं जंगल शोधावं लागलं, त्यातले काही इथे आले. गॅबनने तर २०१० मध्येच गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं होतं. लाकूड हवं तर इथेच कापा, इथेच सोला.

इथलं मुख्य झाड ओकुमे. आपल्या सागासारखी एका जागी दाट उभी नसतात. पूर्ण हेक्टरमधून एखाददुसरंच झाड काढतात, बाकी जंगल तसंच राहतं. ऐकायला छान वाटतं ना? पण ते एक झाड असतं चाळीस मीटरचं. चुकीच्या बाजूला पडलं की दहा-बारा तरुण झाडं घेऊन पडतं. त्यातलं एखादं पुढच्या फेरीत, पंचवीस वर्षांनी कापायचं असतं. ते कुठल्याच हिशोबात येत नाही. कागदावर वाया गेलेलं लाकूड शून्य!

सगळ्यात मोठी भानगड वेलींची. इथले वेल मांडीएवढे जाड, एका झाडाच्या शेंड्यावरून पाच झाडांना बांधलेले. झाड पाडलं की ते शेजाऱ्यांना ओढतं, स्वतःही मधेच अडकतं आणि खोड उभं चिरतं. म्हणून नीट काम करणारे लोक तोडीच्या सहा महिने ते वर्षभर आधी वेल कापून ठेवतात. तोवर ते वाळून कुजतात. खर्च किती? दोन माणसं आणि दोन कोयते.

जुना_वनपाल
आमच्याकडेही कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) पाडण्याआधी वेलतोड व्हायची. माहूलवेल भयंकर. माहूलीच्या पानांच्या पत्रावळी होतात म्हणून गावच्या बायका मात्र कुरकुरायच्या, आणि त्यांचंही खरंच होतं. पत्रावळीवरच तर त्यांची हंगामातली कमाई. आम्ही मग तोडायच्या झाडांवरचेच वेल कापायचो, बाकी ठेवायचो.

पळसपान
मला जरा वेगळा मुद्दा मांडायचाय. "वाया गेलेलं" हा शब्द मला खटकतो. जंगलात पडलेलं लाकूड वाया जात नाही हो. वाळवी, बुरशी, भुंगे, मग सुतारपक्षी असं सगळं त्यावर जगतं. आणि गावकरी निस्ताराचं, म्हणजे त्यांच्या हक्काचं सरपण त्यातूनच नेतात. तुम्ही शेवटची काडीसुद्धा गिरणीत न्यायची म्हणताय का? आणि मुळात झाड तोडायचंच कशाला?

झाडीपट्टी
मॅडम, तुमचा दरवाजा कशाचा हाय?

पळसपान
फ्लश डोअर. आतमध्ये काय भरलंय देव जाणे.

लिब्रव्हिलचा_बाळू
आत काय असतं ते मी सांगू शकतो, पण नको :)

पळसपान, मुद्दा चुकीचा नाही. फांद्या, शेंडा, साल जंगलात राहिलेलं बरं, त्यावर इथे कुणी वाद घालत नाही. माझा राग वेगळ्या लाकडावर आहे. पाडलं, कापलं, नंबर टाकला आणि ओढायला कुणी आलंच नाही, अशा ओंडक्यांवर. ब्राझीलमध्ये पारागोमिनास म्हणून गाव आहे. अॅमेझॉनच्या पूर्व भागात १९९० च्या दशकात तिथे दोन तऱ्हेच्या तोडीची शेजारी-शेजारी तुलना झाली. एकीकडे नेहमीची पद्धत, म्हणजे करवतवाला पुढे पाडत जातो आणि ट्रॅक्टरवाला मागाहून झाडीत शोधत फिरतो. करवतवाल्याला झाडामागे पैसे, ट्रॅक्टरवाल्याला नकाशा नाही. सापडेल तो ओंडका ओढायचा. न सापडलेले तिथेच सडले.

दुसरीकडे आधी प्रत्येक झाडाला नंबर, नकाशा, वेल कापलेले, ट्रॅक्टरच्या वाटा फिती बांधून ठरवलेल्या, आणि झाड वाटेच्या तिरकस दिशेने पाडायचं म्हणजे ओढताना वळवायला नको. तिथे झालेल्या एका अभ्यासात या नियोजित पद्धतीचा खर्च घनमीटरमागे १२ टक्के कमी आला, जास्त नाही. पर्यावरणाचं पुण्य बाजूला ठेवा, नुसता पैसाच बोलतोय.

रंधावाला
मग सगळे तसंच का करत नाहीत?

लिब्रव्हिलचा_बाळू
कारण नकाशाचा खर्च आज आणि फायदा पुढच्या वर्षी. ठेकेदाराला जंगल एका हंगामासाठी मिळालेलं असतं. पुढच्या वर्षी तिथे तो असेलच असं नाही. आणि लाकूड पाडणारा, ओढणारा, विकत घेणारा हे तिघे वेगळे. वाचलेल्या ओंडक्याचा पैसा ज्याने वाचवला त्याच्या खिशात जात नाही.

आमच्या इथे एका टोळीने करवतवाल्याची मजुरी बदलून पाहिली. पाडलेल्या झाडावर नाही, रस्त्यापर्यंत पोचलेल्या धड घनमीटरवर. पहिला महिना भांडणं. नंतर करवतवालाच ट्रॅक्टरवाल्याला शिट्टी मारून बोलवायला लागला. मी हे कागदावर नाही, चिखलात उभा राहून पाहिलंय.

जुना_वनपाल
हे मात्र लाख बोललात.

पोकळ झाडाचं सांगतो, कारण रंधावाल्यांचा एक नग पोकळ निघालाय. उभा साग बाहेरून राजबिंडा दिसतो आणि आत ढोली. आम्ही कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून ऐकायचो. भरीव असेल तर आवाज कोरडा आणि आखूड, पोकळ असेल तर घुमतो. आमच्याकडे एक माडिया आदिवासी म्हातारा होता, तो झाडाला कान लावायचा आणि पोकळी छातीएवढ्या उंचीवर आहे की कमरेएवढ्या, तेही सांगायचा. दहातले आठ वेळा बरोबर. त्याचं ऐकून मी बरीच झाडं खुणेतून वगळली.

लिब्रव्हिलचा_बाळू
इथे तीच परीक्षा यंत्राने करतात. पाडायच्या आधी साखळी करवतीचं टोक बुंध्यात उभं खुपसायचं. भुसा ताजा, फिकट आला आणि पातं दाबावं लागलं तर भरीव. भुसा काळा, ओलसर आला किंवा पातं एकदम आत सुटलं तर पोकळ. मग झाड उभंच सोडायचं. त्या चिरेने झाड मरत नाही सहसा. पण पाहणी न करता पाडलेली पोकळ झाडं मी मोजली तर रडू येईल. पडल्यावर कळतं आत काही नाही, मग तिथेच टाकून पुढच्याकडे.

पळसपान
आणि हेच झाड उभं राहिलं तर त्याची किंमत काय, ते मी सांगते. रानपिंगळा माहीत आहे? शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता, सगळ्यांनी संपला असं धरलं होतं. १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आज मेळघाटातही आहे. तो राहतो कुठे? सागाच्या विरळ जंगलात, झाडांच्या ढोलीत घरटं करतो. तुमचं गिरणीत बिनकामाचं झाड त्याचं बाळंतपणाचं घर आहे. तेव्हा ते ठोकून बघणं माझ्या बाजूनेही मंजूर!

झाडीपट्टी
पळसपान मॅडम आता तोडीवर सह्या करणार बघा.

पळसपान
एका अटीवर. ढोलीवाली उभी, फांद्या गावाला.

खेळणेवाला
मी सावंतवाडीकडचा, आमच्यात लाकडी खेळणी आणि फळं बनतात. जुने लोक पांगारा वापरायचे, हलका असतो आणि रंग छान धरतो. तुमचे कडेचे तुकडे, शेंड्याकडचे ओंडके यांची आम्हाला गरज असते. पण कुणी तीन फुटांच्या तुकड्यांची मोट बांधून विकत नाही. डेपोत एक तर इमारती माल, नाही तर जळाऊ बिटं (सरपणाचे रचलेले ढीग). मधलं काही नाही. चांगला हातभर शिसवाचा तुकडा बिटात जळायला जाताना मी स्वतः पाहिलाय. बिटाच्या भावाने उचलला आणि वर्षभर लाटणी केली त्याची.

जुना_वनपाल
हे आम्ही केलेलं पाप आहे, कबूल. ठरावीक लांबी आणि घेराच्या खालचं सगळं बिटात. मोजायला, नंबर टाकायला, नोंदवायला सुटसुटीत. बारीक तुकड्याची वेगळी नोंद ठेवायची म्हणजे रजिस्टरात दहा पानं वाढतात.

रंधावाला
आता माझा अज्ञानी प्रश्न. लांबीचं काय? माझे दोन नग ९ फुटांचे होते. दाराच्या चौकटीच्या उभ्या लागतात ७ फूट. दोन्हीचे वरचे दोन-दोन फूट आता कोपऱ्यात पडलेत.

झाडीपट्टी
हा प्रश्न पयले विचारायचा होता. चौकटवाल्यानं साडेदहा फूट पाहावं. ७ ची उभी, साडेतीनची आडवी, वर काही उरत नाही. किंवा १४ फूट, दोन उभ्या. ९ फुटी घेऊन ७ चं काम करणं म्हंजे पाचवा हिस्सा पयलेच फेकला.

जुना_वनपाल
आणि ही लांबी ठरते कूपात, झाड आडवं झाल्यावर. कुठे तुकडा पाडायचा हा निर्णय दोन मिनिटांत होतो, आणि सगळ्यात महाग चुका त्याच दोन मिनिटांत. खोड मधे वाकलं असेल तर वाकड्यावर कापलं की दोन सरळ नग मिळतात. पण लांब नगाला भाव चांगला, म्हणून लोभाने वाक तसाच ठेवतात. तो वाकडा लांब नग मग तुमच्या गिरणीत जातो आणि सालासकट फळ्या होऊन चुलीत. कूपात एकदा वाचलेला पैसा गिरणीत दुप्पट जातो, पण गिरणी दुसऱ्याची.

अजून एक, उन्हाळ्यात नग उघड्यावर पडले की टोकं चिरतात. एप्रिलमध्ये चंद्रपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. टोकाला मेण किंवा रंग लावला तर चीर कमी पडते. आम्हाला दरवर्षी "पुढच्या वर्षी रंग येईल" असं सांगायचे.

लिब्रव्हिलचा_बाळू
आमच्याकडे टोकात एस आकाराचे पत्रे ठोकतात, चीर पुढे जात नाही. पण उष्ण कटिबंधातल्या पावसात चिरेपेक्षा भुंगा वाईट. ताजं ओकुमे तीन आठवडे झाडीत पडलं की टाचणीएवढी भोकं आणि निळसर डाग. पृष्ठावर दिसणाऱ्या व्हिनियरला ते चालत नाही. मग तोच ओंडका आतल्या थरात जातो, भाव निम्मा. म्हणून नकाशा, वाट, शिट्टी. दिवस वाचवणं म्हणजेच लाकूड वाचवणं.

आणि हो, सोलताना उरलेला मधला गाभा, कातरण, भुसा हे सगळं आमच्या बॉयलरमध्ये जातं, त्यावरच व्हिनियर वाळतं. त्याला मी वाया म्हणत नाही. पण मनापासून सांगतो, बॉयलर आहे म्हणून लोक सोलताना निष्काळजी होतात. "जळायला तर लागतंच की" हे वाक्य मी रोज ऐकतो.

मेधा_पुणे
मी काहीच करत नाही या क्षेत्रात, फक्त आजोबांचा सागाचा झोपाळा आहे. पण वाचनखूण साठवली. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग गेला तेव्हा मिरवणूक निघाली होती ना? त्याच्या कातरणाचं काय झालं असेल असा प्रश्न आज पहिल्यांदा पडला.

झाडीपट्टी
त्याचा भुसा बी लोकं पाया पडून घरी नेतील.

खेळणेवाला
रंधावाला, तुमच्या कोपऱ्यातले दोन फुटी तुकडे विकायचे आहेत का? वाहतूक परवाना लागतो का ते वनपाल साहेबांना विचारा, मग बोलू.

जुना_वनपाल
गोल असेल तर नेण्याआधी जवळच्या वनकार्यालयात विचाराच, कापलेल्याची पावती जपून ठेवा. नियम प्रजातीप्रमाणे बदलतात, मी निवृत्त आहे, उगाच माझ्या नावावर नका खपवू.

रंधावाला
सगळ्यांचे आभार. काल परत डेपोत गेलो. या वेळी हातात फुटपट्टी, खिशात झाडीपट्टींचा साडेदहाचा आकडा, आणि एक छोटा हातोडा. प्रत्येक नगाच्या टोकावर टक टक करत फिरलो. चौकीदार म्हणाला, "साहेब, टरबूज घेताय का?" तीन नग घुमले, ते सोडले. एकाचा मधला वाक डोळ्याला नीट दिसला, तोही सोडला. साडेदहाचा एकच सापडला, पण त्याच्या टोकाला एवढी मोठी चीर की बोट आत गेलं.

रिकाम्या हाताने परत आलो. पुढचा लिलाव पंधरा दिवसांनी आहे. तोवर पट्ट्याच्या करवतीची गिरणी शोधतोय, नागपूर-कामठी भागात कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. धारवाला गावाला गेलेला नसावा, ही अट.